नऊ एच, अळवावरचं पाणी आणि मशीनमध्ये धुतली जाणारी काळी गाडी

माझा मावसभाऊ जळगाव-भुसावळ पट्ट्यात भाड्याची गाडी चालवतो. गाडी काळी, दोन वर्षांची. आठवड्यातून दोनदा ती ब्रशवाल्या ऑटोमॅटिक मशीनमधून धुऊन निघते. लग्नसराईत धुळकट गाडी कुणी बोलवत नाही आणि हाताने धुवत बसायला त्याच्याकडे वेळ नसतो. मे महिन्यातल्या एका सकाळी त्याने मला बॉनेटजवळ नेलं. "दादा, हे बघ." सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेषांचं गोल जाळं चमकत होतं, कोळ्याने विणल्यासारखं. मावशीचं मत असं की गाडीला दृष्ट लागली. तिने बंपरला लिंबू-मिरची बांधलेलीच होती. भावाचं दुःख वेगळं. सहा महिन्यांपूर्वी त्याने चांगले पैसे मोजून सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा काचेसारखा पातळ लेप, करून घेतलं होतं आणि करणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं, "भाऊ, नऊ एच शे! ओरखडा येवाव नही."

दृष्ट लागत नाही, हे मावशीला मी समजावलं, आणि लिंबू काढायलाही सांगितलं. चिरलेल्या लिंबातलं सायट्रिक आम्ल तापलेल्या रंगावर ठिबकत राहिलं तर डाग पडू शकतो. भावाचं कोडं मात्र खरं होतं.

आधी ते जाळं. ते गोल नसतंच. डोकं थोडं डावीकडे न्या, जाळंही तुमच्याबरोबर डावीकडे सरकतं. वर्षानुवर्षं घासलेल्या स्टीलच्या ताटावर दिव्याखाली हेच दिसतं. ओरखडे सगळ्या दिशांना पडलेले असतात. प्रत्येक ओरखडा ही एक बारीक चर असते आणि ती आपल्या लांबीला आडवा प्रकाश फेकते. त्यामुळे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवतीच्या वर्तुळाला जे ओरखडे स्पर्शिकेसारखे पडलेले असतात, तेवढेच डोळ्यांपर्यंत प्रकाश पोचवतात आणि बाकीचे लपून राहतात. मशीनचे ब्रश गोल फिरतात म्हणून रेषा गोल, हा समज चुकीचा आहे. हाताने, फडक्याने, सरळ रेषेत पुसलेल्या गाडीवरही जाळं गोलच दिसेल.

हे ओरखडे असतात क्लिअर कोटमध्ये. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर हा पारदर्शक थर. सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट ४० ते ५०. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे गाडीची सगळी झळाळी केसापेक्षा पातळ थरावर उभी आहे. रबिंग-पॉलिश करून ओरखडे घालवतात तेव्हा याच थरातले काही मायक्रॉन कायमचे निघून जातात. दर दिवाळीला रबिंग करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता नऊ एच. हा आकडा पेन्सिलचा आहे. शाळेत चित्रकलेला लागायच्या त्याच एचबी, टू बी, टू एच पेन्सिली. चाचणीत पेन्सिल ४५ अंशांत धरून, ७५० ग्रॅमच्या भाराने लेपावरून ढकलतात. ज्या सर्वांत कठीण पेन्सिलीने ओरखडा येत नाही तो लेपाचा अंक. ९ एच ही या मालिकेतली शेवटची पेन्सिल. पण पेन्सिल म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. खनिजांचा कठीणपणा मोजायची पट्टी वेगळी, ती जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडली. तिच्यावर ग्राफाइट एक-दोनच्या मध्ये, काच साडेपाचच्या आसपास, क्वार्ट्झ सातवर आणि हिरा दहावर. पेन्सिलचा नऊ आणि मोसचा नऊ यांचा काही संबंध नाही. पहिल्याला दुसरा समजून "हिऱ्याच्या खालोखाल" असं विकणं ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

आणि मोसच्या पट्टीवरचा सात आपल्या रस्त्यावर रोज उडतो. खानदेशची काळी माती स्वतः मऊ, तिच्यातली चिकणमाती बोटांत लोण्यासारखी लागते. पण ती ज्या बेसॉल्टपासून झाली त्यातल्या फेल्डस्पारचे कण सहाच्या आसपास असतात, आणि बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी सातची. त्यात महामार्गावर खडी आणि वाळूचे डंपर. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राजवळून जाणाऱ्या गाडीवर राखही बसते, आणि कोळशाच्या राखेत काचेच्या सूक्ष्म गोळ्यांबरोबर क्वार्ट्झही असतो. मशीनचा ब्रश मऊ असतो, तो रंगाला काही करत नाही. त्याच्यात अडकलेला कण करतो.

याची रीतसर चाचणी आहे, आयएसओ २०५६६. प्रयोगशाळेत छोटं कार-वॉश उभारतात, पॉलिथिनचा फिरता ब्रश लावतात आणि पाण्यात लिटरमागे दीड ग्रॅम क्वार्ट्झची पूड मिसळतात, सरासरी २४ मायक्रॉनची. दहा फेऱ्यांनंतर चमक किती उरली ते मोजतात. ज्याची गाडी कायम मशीनमध्ये जाते त्याने विचारावा तर हा आकडा विचारावा. एखाद्या मायक्रॉन जाडीचा लेप २४ मायक्रॉनच्या गारगोटीला अडवेल, अशी अपेक्षा मुळातच करू नये.

मग लेप करतो काय? तो चिकटून राहतो आणि मळ चिकटू देत नाही. वर्षाला शंभर वेळा धुतल्या जाणाऱ्या गाडीत सगळा प्रश्न चिकटण्याचा आहे, आणि यातलं रसायनशास्त्र मला फार आवडतं.

मेण नुसतं बसतं. कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं, ८२ ते ८६ अंशांना वितळतं. डबीत ते पातळ तेलांत कालवलेलं असल्याने त्याआधीच मऊ पडतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे काळं बॉनेट सत्तरीच्या घरात जातं. रंगाशी त्याचं नातं व्हॅन डर वाल्स बलांचं, म्हणजे शेजारी बसलेल्या रेणूंची दुबळी ओढ. फेसातल्या साबणाच्या रेणूची शेपटी मेणात घुसते, डोकं पाण्याकडे ओढतं, आणि मेण उचललं जातं. फेस अल्कधर्मी असेल तर मेणातली मुक्त मेदाम्लं स्वतःच साबण होतात आणि पाण्याबरोबर जातात. सिलिकॉनचं सिलंट, म्हणजे मेणासारखाच पुसून लावायचा कृत्रिम लेप, याहून बरं. त्याच्या साखळीवर नायट्रोजनचे गट असतात, त्यांच्यावरचा किंचित धन भार रंगाच्या पृष्ठभागाला धरून राहतो.

सिरॅमिक म्हणून जे विकतात त्यातली चांगली द्रव्यं बहुधा पॉलिसिलाझेनची असतात. सिलिकॉन, नायट्रोजन, पुन्हा सिलिकॉन अशी साखळी. हवेतल्या बाष्पाचा रेणू येतो, नायट्रोजनला हुसकावतो आणि त्याच्या जागी ऑक्सिजन बसवतो. नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो. ताज्या लेपाला कधी जो उग्र वास येतो तो याचाच. उरतं ते सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉनचं त्रिमितीय जाळं, काचेच्या सख्ख्या नात्यातलं. त्यातले काही हात क्लिअर कोटवरच्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांना गुंफले जातात. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४५० किलोज्यूल लागतात, कार्बन-कार्बनला साधारण ३५०. साबणाची शेपटी इथे काही करू शकत नाही. जाळ्याच्या वरच्या अंगाला मिथिल गट उरतात, ते पाण्याला जवळ येऊ देत नाहीत.

मात्र या जाळ्याचा एक वैरी आहे. प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याच्या बाटलीला काचेचं बूच का लावत नाहीत, आठवतं? तीव्र अल्क काचेला खातं आणि बूच बसून जातं. हायड्रॉक्साइड आयन नेमका सिलिकॉनवर हल्ला करतो आणि बंध उकलतो. कार-वॉशच्या काही प्री-वॉश फेसांचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा, १२-१३ असतो; उदासीन पाण्याचा ७. पीएचची प्रत्येक पायरी दसपटीची, म्हणजे ७ ते १२ हे अंतर लाखपटीचं. एका धुण्यात मिनिटभराच्या संपर्काने काही बिघडत नाही, पण शंभर धुण्यांची शंभर मिनिटं होतात, त्यातही तापलेल्या पत्र्यावर.

भावाने लगेच दुसरी शंका काढली: पाण्याचे मोती पडणं थांबलं, म्हणजे कोटिंग गेलंच ना? इथे अळूचं पान उपयोगी पडतं. अळवावरचं पाणी ठरत नाही ते दोन गोष्टींमुळे: पानावर मेण असतं आणि ते सूक्ष्म उंचवट्यांवर असतं, त्यामुळे थेंबाखाली हवा राहते. कमळाच्या पानाचा हाच गुण जर्मनीतल्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये नीट उलगडून मांडला. अशा पानावर थेंबाचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, १५० अंशांच्या वर जातो; कोन मोठा तेवढा थेंब गोल. पण गुळगुळीत पृष्ठभागावर, कोणतंही रसायन लावा, तो १२० अंशांच्या फारसा पुढे जात नाही. आता विचार करा. उंचवटे असलेला लेप फिरत्या ब्रशखाली आठवडाभरही टिकणार नाही. म्हणजे मशीनमध्ये टिकणारा लेप गुळगुळीतच असायला हवा, आणि त्यावर अळवासारखे मोती पडूच शकत नाहीत. "लोटस इफेक्ट" आणि "मशीन-प्रूफ" ही दोन वचनं एकाच बाटलीत बसत नाहीत.

मोती थांबायचं नेहमीचं कारण वेगळंच असतं. बेसॉल्टमधल्या बोअरचं पाणी जड. थेंब उन्हात आटला की कॅल्शियम बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेटचं पांढरं कडं उरतं. त्यावर साबणाचा पातळ थर बसतो. लेप खाली जिवंत असतो, पण झाकलेला. आम्ही सौम्य आम्लधर्मी क्लीनरने एक चौकोन पुसून पाहिला. तेवढ्या भागात मोती परत आले. थेंब भिंगासारखा ऊन गोळा करून रंग जाळतो, असंही सांगतात. ते खरं नाही, कारण पसरट थेंबातून ऊन एकवटण्याचा बिंदू पृष्ठभागाच्या खाली पडतो. पानांबाबत हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हेच दाखवलं. गुळगुळीत पानं जळली नाहीत.

तर निवडायचं काय? परवडत असेल तर बॉनेट, बंपर आणि दरवाज्याच्या मुठीमागचा भाग पीपीएफने (पेंट प्रोटेक्शन फिल्मने) झाका. ही १५० ते २०० मायक्रॉनची पॉलियुरेथेनची फिल्म आहे, म्हणजे गारगोटीच्या कणाला खऱ्या अर्थाने अडवणारी यादीतली ही एकच. तिचा वरचा थर उष्णतेने बारीक ओरखडे भरून घेतो, आणि उष्णता खानदेशात विकत घ्यावी लागत नाही. फक्त कडा नीट दुमडलेल्या हव्यात, नाहीतर ब्रश त्या उचकटतो. बाकी अंगावर पॉलिसिलाझेनचं कोटिंग. ते लावायला मी मे महिना टाळेन: हवा इतकी कोरडी की बाष्प कमी पडतं आणि द्रावक भराभर उडून पट्टे राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. एवढा खर्च नको असेल तर महिन्या-दीड महिन्याने स्प्रे सिलंट मारत राहा; झिजलेला थर स्वस्तात पुन्हा चढवणं हीही उत्तम नीती आहे. मेण मात्र या वापराला नको. "ग्राफीन" (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा) या नावासाठी जास्तीचे पैसेही देऊ नका. अखंड पापुद्र्याची ताकद राळेत विखुरलेल्या तुकड्यांना मिळत नाही.

आणि ब्रश लागायच्या आधी प्रेशरच्या साध्या पाण्याने माती पूर्ण उतरवून घ्या, पत्रा हाताला गार लागत असताना. कोणत्याही कोटिंगपेक्षा याने जास्त फरक पडतो.

पुढच्या रविवारी मी भावाबरोबर त्याच्या वॉशिंगला गेलो, खिशात पीएच पेपरचं छोटं पुस्तक घेऊन. नेहमीच्या फेसात पट्टी बुडवली, ती गर्द निळी-जांभळी झाली, म्हणजे तीव्र अल्क. तिथल्या पोराला हे बघून नवल वाटलं. त्याने आतून दुसरा कॅन आणला, "हे महाग शे, कोणी मागत नही" म्हणत झाकण उघडलं. दुसरी पट्टी फक्त हिरवी झाली, म्हणजे उदासीनच्या आसपास. भावाने कॅनवरच्या लेबलचा फोटो काढून घेतला.