मलवाहिनी खचते ती छताकडून

रस्त्याला भगदाड पडते, खाली जुनी मलवाहिनी ढासळल्याचे दिसते आणि तातडीची दुरुस्ती सुरू होते. तातडी खरीच असते. पण ढासळण्याची तयारी बहुतेकदा कित्येक वर्षे आधीपासून चाललेली असते, आणि तीही सांडपाणी जिथे सहसा पोहोचत नाही तिथे, म्हणजे नळाच्या छताला.

शहरभर आखून टाकलेल्या मलवाहिन्या ही एकोणिसाव्या शतकाची देणगी. 1842 च्या आगीत हॅम्बुर्गचा मोठा भाग जळाला, तेव्हा अभियंते विल्यम लिंडली यांनी नव्या बांधणीबरोबरच भूमिगत गटारांचीही आखणी केली. लंडनला मात्र 1858 चा उन्हाळा यावा लागला. थेम्सची दुर्गंधी संसदेच्या दालनांत शिरली आणि वर्षानुवर्षे रखडलेल्या कामाला झटपट मंजुरी मिळाली. (पैसा मोकळा व्हायला आधी नाकाला त्रास व्हावा लागतो, हे तेव्हापासूनचे.) अभियंते जोसेफ बॅझलजेट यांनी सुमारे 132 किलोमीटर लांबीच्या मुख्य वाहिन्या विटांत बांधल्या. त्यांतल्या अनेकांचा छेद अंड्यासारखा होता, निमुळते टोक खाली. पाणी कमी असले तरी त्या अरुंद तळात त्याचा वेग टिकतो आणि गाळ बसत नाही.

पुढे काँक्रीटचे नळ आले. स्वस्त, झटपट बसणारे, मोठ्या व्यासाचे. दुखणे शिरले ते इथे. प्रवाह संथ असला की पाण्याखाली नळाच्या भिंतीवर चिकट थर साचतो. त्यातले जिवाणू प्राणवायूविना जगतात आणि सांडपाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्यांचा वास येतो तो याच वायूचा. पाणी जिथे उंचावरून पडते किंवा खळाळते तिथे तो बाहेर सुटतो आणि छताच्या ओलसर पृष्ठभागात मुरतो. तिथे दुसऱ्याच जातीचे जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात. अम्लाने काँक्रीटचे जिप्सम होते, म्हणजे बोटाने खरवडता येईल असा पांढरट लगदा. मेलबर्नला सी. डी. पार्कर यांनी 1945 मध्ये या कामाचा जिवाणू वेगळा करून दाखवला. अम्ल पाण्याच्या वर तयार होते, म्हणूनच अनेकदा पाण्याखालचा भाग धडधाकट आणि वरचा पोकळ, असा उलटा प्रकार दिसतो.

छताला भोक पडले की वरची माती पाण्याबरोबर आत झिरपत राहते. रस्त्याखाली पोकळी वाढते, पण डांबराचा थर काही काळ तिच्यावर पुलासारखा तग धरतो. म्हणून खड्डा दिसतो तो सगळ्यात शेवटी.

दुरुस्तीतली खरी अडचण वेगळी आहे. पिण्याच्या पाण्याची लाइन व्हॉल्व्ह फिरवून बंद करता येते, मलवाहिनी नाही. घराघरांतून पाणी येतच राहते. म्हणून आधी वरच्या बाजूच्या मॅनहोलमध्ये फुगा लावून प्रवाह अडवायचा, पंपांनी उपसून तात्पुरत्या पाइपांतून खालच्या मॅनहोलमध्ये सोडायचा. पंप रात्रंदिवस चालतात, आणि एखादा बंद पडला तर जोडीला दुसरा तयार हवा. हे जमल्यावरच खोदकाम.

खोदकाम टाळण्याची मोठी युक्ती 1971 मध्ये लंडनच्या हॅकनी भागात आली. एरिक वूड यांनी राळेत भिजवलेला कापडी नळा सुमारे शंभर वर्षे जुन्या वाहिनीत घालून आतल्या आत घट्ट होऊ दिला. आता हे अस्तर गरम पाण्याने, वाफेने किंवा अतिनील प्रकाशाने पक्के करतात आणि बुजलेली घरगुती जोडणीची तोंडे आतूनच यंत्राने कापून मोकळी करतात. मॅनहोल ते मॅनहोल, रस्ता न फोडता. मात्र त्यासाठी जुन्या नळाने निदान आकार तरी धरून ठेवलेला हवा. ढासळलेल्या तुकड्यात अस्तर घालायला जागाच उरत नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्रेझर इथे 24 डिसेंबर 2016 रोजी सुमारे 60 फूट खोल असलेली 11 फूट व्यासाची वाहिनी ढासळली. जमीन खचली, वीसच्या वर घरे रिकामी करावी लागली. आधी सांडपाणी वळवण्यासाठी पंप आणि पाइप उभे करावे लागले, मग खोल खड्डा खणून नवा नळ बसवावा लागला. पुढचे बहुतेक वर्ष त्यातच गेले. याच वाहिनीचा दुसरा एक भाग 2004 मध्येही ढासळला होता.