मेव्हिस स्टेपल्स

मेव्हिस स्टेपल्स (जन्म : १० जुलै १९३९, शिकागो) : कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका आणि ‘द स्टेपल सिंगर्स’ या कौटुंबिक गायनसंचाचा मुख्य आवाज. चर्चमधले गॉस्पेल हे भक्तिसंगीत, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतली गाणी आणि सोल हे त्यांचे लोकप्रिय संगीत या तिन्ही प्रांतांत हा संच वावरला. तिन्हीकडे त्याची ओळख पटते ती मेव्हिस यांच्या खर्जातल्या, किंचित घोगऱ्या स्वरामुळे.

वडील रोबक ऊर्फ ‘पॉप्स’ स्टेपल्स (१९१४–२०००) मिसिसिपीतले. डॉकरीच्या कापूसमळ्यावर वाढताना त्यांनी गायक-गिटारवादक चार्ली पॅटन यांचे ब्लूज (कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) ऐकले आणि गिटार हाती घेतली. पुढे शिकागोत कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यात राबत ते एका गॉस्पेल संचात गात. तिथले सोबती तालमीला येईनात, तेव्हा वैतागून त्यांनी घरातल्या मुलांनाच जमिनीवर गोलाकार बसवले आणि गिटारवर प्रत्येकाला त्याचा त्याचा स्वर काढून दिला. क्लिओथा, पर्विस, मेव्हिस आणि पुढे इव्हॉन अशी ही भावंडे. १९४८ च्या सुमारास ती चर्चमध्ये गाऊ लागली. पर्विसचा आवाज फुटल्यावर मुख्य गायन धाकट्या मेव्हिसकडे आले.

१९५६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘अनक्लाउडी डे’ने संचाचे नाव झाले. पॉप्स यांच्या गिटारचा थरथरता, लांबत जाणारा नाद आणि त्यावर अलगद उतरणारा तो जड आवाज ऐकून, हा कुणी पुरुष किंवा प्रौढ बाई गात असणार, असेच श्रोत्यांना वाटे. गाणारी मुलगी सतरा वर्षांची होती.

अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांचे प्रवचन ऐकल्यावर पॉप्स यांनी ठरवले, की हे प्रवचनात सांगता येते तर गाण्यातही सांगता येईल. ‘फ्रीडम हायवे’ (१९६५) हे गाणे कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी पदयात्रेच्या निमित्ताने रचले गेले. नागरी हक्कांच्या लढ्यात या कुटुंबाने जे गायले, तेच त्याचे सर्वांत मोलाचे काम होय. नंतरच्या लोकप्रियतेमागे ते झाकले जाऊ नये.

१९६८ मध्ये संच ‘स्टॅक्स’ या ध्वनिमुद्रण संस्थेत आला. ‘रिस्पेक्ट युवरसेल्फ’ (१९७१) पाठोपाठ आलेले ‘आय’ल टेक यू देअर’ १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. अलाबामातील मसल शोल्स येथे मुद्रित झालेल्या या गाण्याला अंतरे जवळजवळ नाहीतच. मेव्हिस वादकांना नावाने हाका मारत त्यांच्याकडून वाजवून घेतात. गिटारच्या तुकड्याला त्या ‘डॅडी’ म्हणून साद घालतात. प्रत्यक्षात तो तुकडा पॉप्स यांनी नव्हे, तर गिटारवादक एडी हिंटन यांनी वाजवला आहे. ‘लेट्स डू इट अगेन’ (१९७५) हेही पहिल्या क्रमांकावर गेले.

मेव्हिस यांचा पहिला स्वतंत्र अल्बम १९६९ चा. पुढे प्रिन्स या नावाने प्रसिद्ध असलेल्या पॉप गायक-संगीतकाराबरोबरही त्यांनी दोन अल्बम केले. मात्र एकट्याने गाताना त्यांना खरा सूर सापडला तो वडिलांच्या निधनानंतर. ‘वुई’ल नेव्हर टर्न बॅक’मध्ये (२००७) त्या चळवळीच्या गाण्यांकडे परतल्या, तर ‘विल्को’ या रॉक संचाचे गायक जेफ ट्वीडी यांच्यासोबत केलेल्या ‘यू आर नॉट अलोन’ने (२०१०) त्यांना पहिला ग्रॅमी मिळवून दिला. २०१६ मध्ये त्यांना कलाक्षेत्रातील कार्यासाठी दिला जाणारा केनेडी सेंटर सन्मान मिळाला.

अखेरच्या दिवसांत पॉप्स यांनी काही गाणी मुद्रित करून ठेवली होती आणि ती हरवू देऊ नकोस, असे मेव्हिसना बजावले होते. ट्वीडी यांच्या मदतीने त्यांनी ती पूर्ण केली. ‘डोन्ट लूज धिस’ या नावाने ती २०१५ मध्ये प्रकाशित झाली.