नदीच्या गोट्यांतला अकीक: दख्खनमधल्या एका फार जुन्या शोधाची पार्श्वभूमी

उन्हाळ्यात प्रवरा, घोड, सीना, गोदावरी आटल्या की पात्रात गोट्यांचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात. बहुतेक गोटे काळ्या कातळाचे असतात. त्यांत मधूनच एखादा पांढुरका, मेणचट, उन्हासमोर धरला तर आत दुधी उजेड शिरू देणारा दगड सापडतो. ओला केला की त्याच्या अंगावरचे पट्टे उमटतात, आणि नशीब असेल तर मधासारखा किंवा विटकरी तांबूस रंगही. खेड्यात याला गार किंवा गारगोटी म्हणतात. अंधारात दोन गारा एकमेकींवर घासून क्षणभर चमकणारा उजेड पाहण्याचा खेळ पुष्कळांनी लहानपणी केलेला असतो. पट्टेदार गारेला जोहरी अकीक म्हणतो, लाल गारेला कार्नेलियन.

अलीकडे महाराष्ट्रात असे दगड हौसेने शोधणारे लोक वाढले आहेत. त्यांची चित्रे पाहिली की हा छंद परदेशातून आला असावा असे वाटते. पण आपल्या नद्यांत गारा वेचण्याला जितका जुना इतिहास आहे, तितका इथल्या शेतीलाही नाही.

सुरुवात लाव्ह्यापासून करावी लागते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि त्यांतून दख्खनचा कातळ तयार झाला. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने विरघळलेली सिलिका, म्हणजे गारेचे मूळ द्रव्य, या पोकळ्यांत आणून सोडली. ती पातळ पापुद्र्यांनी भिंतीवर बसत गेली, की अकीक झाला. मध्यभागी जागा उरली तर तिथे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांत विहिरी खोदताना आणि खाणींत सुरुंग लावताना निघणारे झिओलाइट या खनिजाचे सुंदर झुंबके अशाच पोकळ्यांतले. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय त्यांच्यावरच उभे आहे.

नदीचे काम यानंतरचे. काळा कातळ ऊनपावसाने कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची माती होते. पोकळीतली गार मात्र कुजत नाही. ती काचेइतकी किंवा काचेहूनही कठीण असते, चाकूने तिच्यावर ओरखडा उठत नाही. भोवतालचा दगड विरला की ती सुटी होते, ओढ्यात येते, ओढ्यातून नदीत. म्हणजे कोट्यवधी वर्षे नदी कातळ चाळते आहे आणि त्यातला टिकाऊ भाग पात्रात जमा करते आहे. म्हणून डोंगरात सबंध दिवस फिरून जितक्या चांगल्या गारा दिसत नाहीत, तितक्या नदीच्या एका वळणावरच्या गोट्यांत दिसतात.

ही गोष्ट माणसाने फार पूर्वी हेरली. तिचा सर्वांत स्पष्ट पुरावा ज्या गावी मिळाला ते नेवासे ज्ञानेश्वरांमुळे आपल्याला माहीत आहे. प्रवरेच्या काठी 1954 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी तिथे उत्खनन केले. नदीच्या उभ्या काठात जुन्या पुरांनी साचवलेले गोट्यांचे थर एकावर एक दिसतात. खालच्या थरांत हातकुऱ्हाडी मिळाल्या, त्या मुख्यतः काळ्या, भरड दगडाच्या. नेवाशाजवळच्या चिरकी इथे 1960 च्या दशकात गुद्रुन कॉर्व्हिनस या जर्मन संशोधिकेने अशा हत्यारांचे मोठे ठाणेच उकरून काढले. त्यावरच्या थरांत चित्र बदलते. हत्यारे लहान होतात, त्यांत चामडे व लाकूड तासायच्या तासण्या जास्त असतात, आणि दगड बदलतो: चर्ट, जास्पर, कॅल्सेडोनी, अकीक, सगळे गारेच्याच कुळातले बारीक कणांचे दगड. मध्य पुराश्मयुगातल्या, म्हणजे जुन्या अश्मयुगाच्या मधल्या टप्प्यातल्या, या हत्यारांना पुरातत्त्वात नेवाशाचेच नाव मिळाले.

मला या संपूर्ण कहाणीत हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. प्रवरेत गारा आधीही होत्या. हातकुऱ्हाडी घडवणाऱ्या माणसाच्या पायाखालीही त्या असणारच. पण मोठे अवजड हत्यार हवे होते तोवर त्याला मोठा काळा गोटाच कामाचा होता. लहान, धारदार पात्याची गरज निर्माण झाली तेव्हा नजर गारेकडे वळली. गार फुटते तेव्हा काचेसारखी वक्र फुटते आणि तिची कड पातळ व तीक्ष्ण निघते. ती नेमकी कुठे ठोकली तर कशी फुटेल हे आधी सांगता येते. दख्खनच्या बहुतांश भागात चकमकीच्या दगडाचे मोठे साठे नाहीत, त्यामुळे बारीक कणांचा दगड हवा असेल तर नदीकडेच जावे लागे. पात्रात उतरायचे, गोटा उचलायचा, टकोरा मारून आत भेग आहे का ते पाहायचे आणि नसेल तर घेऊन जायचे. आजचा छंदी माणूस ओणवून जे करतो, तेच हे काम होते.

पुढे सूक्ष्मास्त्रे आली. बाणाच्या टोकाला, विळ्याच्या खाचेला बसवायची, बोटाच्या पेराएवढी पाती. मुंबईही याला अपवाद नव्हती. कांदिवली, मढ, मार्वे, एरंगळ या परिसरातली अश्मयुगीन हत्यारे के. आर. यू. टॉड या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1930 च्या दशकात उजेडात आणली. आज जिथे इमारतींच्या रांगा आहेत, तिथल्या ओढ्यांच्या काठांत ती होती.

तांबे आल्यावर गारेचे काम संपायला हवे होते. महाराष्ट्रात ते संपले नाही. शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावला 1968 पासून 1983 पर्यंत डेक्कन कॉलेजने खणले. तिथे सुमारे इ. स. पू. 1600 ते 700 या काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. ही माणसे रंगीत मडकी घडवत, घरात धान्याच्या कणग्या ठेवत, मुलांना मडक्यांत पुरत. तांबे त्यांना माहीत होते, पण ते दुरून यायचे आणि थोडेच मिळायचे. म्हणून कापणी, सोलणी, चिरणी ही रोजची कामे कॅल्सेडोनीच्या पात्यांनी होत. पाते काढायची रीतही ठरलेली होती. गारेच्या गाभ्यावर आधी दोन्ही बाजूंनी छिलून एक उभा कणा तयार करायचा, तो एका ठोक्यात काढून टाकायचा, आणि मग त्या वाटेने एकामागून एक सरळ, लांब, दोन्ही कडांना धार असलेली पाती सोडवायची. हे कसब असलेला माणूस वस्तीत रोज लागत असणार. घोड नदीच्या पात्रात गारांची टंचाई नव्हती.

लाल दगडाची कथा मात्र गुजरातकडे जाते. नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात, भरूच जिल्ह्यातल्या झगडिया तालुक्यात रतनपूरच्या परिसरात अकीकाच्या खाणी आहेत. या खाणीही एका अर्थाने नदीच्याच. तिथले अकीक दख्खनच्या कातळातून सुटून, जुन्या नद्यांत घासून, गोट्यांच्या थरात पुरले गेलेले आहेत. भिल्ल मजूर अरुंद विहिरी खणून त्या थरापर्यंत पोहोचत. हडप्पा संस्कृतीच्या काळात लोथल आणि धोलावीरा इथे कार्नेलियनचे मणी घडत होते. बोटाहूनही लांब मणी आरपार विंधण्यासाठी खास कठीण दगडाचे गिरमिट वापरले जाई, आणि एक मणी पुरा व्हायला कित्येक दिवस लागत. असे लांब मणी आणि खार लावून, भाजून पांढरी नक्षी उमटवलेले लाल मणी मेसोपोटेमियात ऊरच्या राजघराण्याच्या दफनांत मिळाले. ती दफने इ. स. पू. 2500 च्या सुमाराची आहेत.

खाणीतून निघणारा दगड बहुधा लाल नसतो. तो पिवळसर, तपकिरी किंवा राखी असतो. आधी महिनोन्महिने उन्हात वाळवायचा, मग मातीच्या मडक्यांत भरून गोवऱ्यांच्या मंद आचेत भाजायचा. दगडात लोहाशी बांधले गेलेले पाणी उडते आणि लाली उतरते. घाई केली तर दगड तडकतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात असलेल्या पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझाने लिमोद्र्याच्या या दगडाची आणि आगीने त्याचा रंग गडद करण्याची नोंद केली आहे. लिमोद्रा गाव आजही रतनपूरजवळच आहे. आपल्या नद्यांत सापडणारा तांबूस दगड न भाजताच तांबूस असतो. हजारो वर्षांच्या उन्हाने आणि लोहाच्या पाण्याने तो हळूहळू तसा झालेला असतो.

या धंद्याचा एक मोठा आधार म्हणजे बावा घोर. मूळचा हबशी असलेला हा पीर रतनपूरच्या टेकडीवर विसावला आणि त्याने अकीकाचा व्यवसाय वाढवला, अशी तिथली श्रद्धा आहे. मूळचा आफ्रिकेतला सिद्दी समाज त्याला मानतो, अकीकाचे कारागीर आणि व्यापारीही मानतात. गुजरातच्या खंबायत बंदरातले मणी अरबस्तानात आणि पूर्व आफ्रिकेत शतकानुशतके जात होते, हे लक्षात घेतले की आफ्रिकेतून आलेला पीर या दगडाचा रक्षक का झाला, ते कळते.

महाराष्ट्राची बाजू या व्यापारात कमी नव्हती. पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकाच्या टिपणात पैठण आणि तेर या दोन बाजारपेठांची नावे येतात. पैठण भरूचपासून दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर असल्याचे तो सांगतो. तिथून अकीकाच्या जातीचे दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांवर लादून, नीट रस्ते नसलेल्या मुलखातून भरूचच्या बंदरात येत. तेरहून कापड येई. सातवाहनांचा हा काळ. गोदावरीच्या पात्रात आणि तिच्या उपनद्यांत वेचलेला दगड बैलगाडीने भरूचला, तिथून जहाजाने तांबड्या समुद्रात आणि पुढे रोमन जगात जात होता, असा या वाक्याचा अर्थ. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळातले मणी पाहायला मिळतात. पैठणीमुळे पैठण सर्वांना ठाऊक आहे, पण तिथल्या दगडांचा व्यापार कुणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते.

नदीतून दगड वेचण्याची आणखी एक परंपरा देवघरात आहे. पंचायतनातला बाण, म्हणजे शंकर म्हणून पुजायचा गोटा, नर्मदेचा, शाळिग्राम गंडकीचा, गणपतीचा तांबडा शोणभद्र शोण नदीचा. बाणांत पुष्कळ दगड जास्पर आणि कॅल्सेडोनीच्याच कुळातले असतात. नर्मदेच्या धावडी कुंडात प्रवाहाने घोटलेले बाण मिळत आणि परिक्रमेचे लोक ते आवर्जून घरी आणत. तो कुंड धरणाच्या पाण्याखाली गेला. आता बाजारातले बहुतेक बाण यंत्रावर घासून आकार दिलेले असतात. रोजच्या वापरातही गार होतीच. आगपेटी येण्याआधी चकमकीच्या पोलादावर गारेचा तुकडा मारून ठिणगी पाडत. वैद्याकडे औषधे खलायला अकीकाचा खल असे, कारण तो झिजून औषधात उतरत नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपीयांनी या दगडाकडे शास्त्राच्या नजरेने पाहिले. भरूचजवळच्या कार्नेलियनच्या खाणींचे एक वर्णन 1819 मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या पहिल्या खंडात छापले गेले. याच शतकात जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनच्या कारागिरांना ब्राझीलमधून अकीकाचा मोठा साठा मिळू लागला. तिथे पाणचक्क्यांवर मणी घडू लागले, आणि आफ्रिकेच्या बाजारात खंबायतला जबर स्पर्धक आला. खंबायत तरीही टिकले. तिथल्या अकीकाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

पण या टिकण्याची किंमत मोठी आहे, आणि दगड हातात घेणाऱ्याने ती जाणून घ्यावी. अकीक म्हणजे सिलिका. चाकावर तो घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर उपाय नाही. खंबायतच्या घासकाम करणाऱ्या कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या माणसे नेत आला आहे. काम घरात चालत असल्याने बायका-मुले आणि शेजारीही त्या धुळीत असतात. छंद म्हणून घरी दगड कापणाऱ्यांनाही हे लागू आहे: कोरडा दगड कधीही घासू नये, त्यावर पाणी सोडत ओलाच घासावा आणि चांगला मास्क लावावा.

नद्यांचे सांगायचे तर गेल्या काही दशकांत वाळूच्या उपशाने त्यांचा तळ खरवडला गेला आहे. वाळूबरोबर गोट्यांचे थर जातात, आणि थरांबरोबर त्यांतली हत्यारे. नेवाशासारख्या ठिकाणी हत्यार किती जुने हे त्याच्या थरावरूनच ठरते. थर ट्रकमधून गेला की ते हत्यार कुठल्या काळातले हे कायमचे पुसले जाते. अकीक स्वतः फेब्रुवारी 2015 पासून गौण खनिजांच्या यादीत आहे, म्हणजे त्याचे नियम करण्याचा अधिकार राज्याकडे आहे.

म्हणून पात्रात उतरणाऱ्यांनी एक फरक ओळखायला शिकावे. नदीने घासलेली गार सर्व बाजूंनी गुळगुळीत किंवा खडबडीत सालीची असते. माणसाने फोडलेल्या गारेवर ठोक्याच्या जागी एक लहानसा फुगवटा दिसतो, त्यापासून लाटांसारख्या रेषा पसरतात, आणि कडेला एकाच दिशेने बारीक टवके काढलेले असतात. असा तुकडा काठाच्या थरात रुतलेला दिसला तर उपसू नये. जागेचे छायाचित्र घ्यावे, भोवतालचा थर कसा आहे ते टिपून ठेवावे आणि डेक्कन कॉलेज किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. आधी ही नजर बसवायची असेल, तर पुण्यात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात नेवाशाची आणि इनामगावची पाती मांडलेली आहेत.