ऑस्ट्रिया दुभंगला का नाही? चार सत्तांच्या कारभाराची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी जर्मनीप्रमाणेच ऑस्ट्रियाचेही चार विभाग करून ताबा घेतला. बर्लिन आणि व्हिएन्ना ही दोन्ही शहरे सोव्हिएत विभागाने वेढलेली होती आणि तरीही चौघांत वाटलेली होती. पुढे जर्मनीची दोन राष्ट्रे झाली, ऑस्ट्रिया मात्र अखंड राहिला. या फरकाची कारणे अनेक असली, तरी १९४६ च्या एका कलमाला त्यात मोठे स्थान द्यावे लागते.

मित्रराष्ट्रांच्या १९४३ च्या मॉस्को घोषणेत ऑस्ट्रियाला हिटलरच्या आक्रमणाचा पहिला बळी म्हटले होते आणि जर्मनीच्या बाजूने लढल्याची जबाबदारीही त्याच्यावर ठेवली होती. एप्रिल १९४५ मध्ये व्हिएन्ना सोव्हिएत सैन्याच्या हाती पडली आणि त्याच महिन्यात वयोवृद्ध समाजवादी नेते कार्ल रेनर यांचे हंगामी सरकार स्थापन झाले. हे स्टालिनचे बाहुले ठरेल, ही पाश्चात्त्यांची भीती नोव्हेंबरमधील निवडणुकीने दूर केली, कारण कम्युनिस्टांना १६५ पैकी केवळ ४ जागा मिळाल्या. जर्मनीजवळ असे देशव्यापी सरकार कधीच नव्हते.

जर्मनीचा कारभार पाहणाऱ्या चार सत्तांच्या बर्लिनमधील नियंत्रण परिषदेत प्रत्येक निर्णयाला चौघांचे एकमत लागे, त्यामुळे एकाने नकार दिला की काम अडे. मार्च १९४८ मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी उठून गेले आणि परिषद ठप्प झाली. ऑस्ट्रियात २८ जून १९४६ च्या कराराने ही अट नेमकी उलटी फिरवली. घटनात्मक कायद्यांना चौघांची मंजुरी लागणारच होती, परंतु संसदेचा कोणताही सामान्य कायदा ३१ दिवसांत चौघांनी एकमताने अडवला नाही, तर तो आपोआप लागू होई. म्हणजे चौघांतील बेबनाव जर्मनीत कारभार बंद पाडत होता आणि ऑस्ट्रियात तोच संसदेच्या पथ्यावर पडत होता. माझ्या मते या काळातील सर्वांत दूरदृष्टीची तरतूद हीच होय.

व्हिएन्नाचा मध्यवर्ती पहिला प्रभाग चौघांच्या सामायिक ताब्यात होता आणि तेथील अध्यक्षपद दरमहा फिरत असे. रस्त्यावर चारही देशांचे लष्करी पोलीस एकाच गाडीतून गस्त घालत. पुढे शीतयुद्ध पेटले, तरी ही गस्त थांबली नाही.

सामान्य माणसाला मात्र हा ताबा जड गेला. पूर्व भागातील तेलविहिरी आणि शेकडो कारखाने ‘जर्मन मालमत्ता’ म्हणून सोव्हिएत प्रशासनाने आपल्याकडे घेतले होते. स्टालिनच्या मृत्यूनंतर ताबा संपवण्याच्या वाटाघाटींना गती आली आणि १५ मे १९५५ रोजी व्हिएन्नातील बेल्व्हेडेर राजवाड्यात, ऑस्ट्रियाला पुन्हा स्वतंत्र करणाऱ्या राज्य करारावर सह्या झाल्या. त्या मालमत्तेच्या बदल्यात ऑस्ट्रियाने १५ कोटी डॉलरचा माल आणि १ कोटी टन खनिज तेल देण्याचे मान्य केले. परकीय सैन्य माघारी गेल्यावर, २६ ऑक्टोबर रोजी, संसदेने कायमस्वरूपी तटस्थतेचा घटनात्मक कायदा संमत केला.