बाळंतिणीचं मन (गरोदरपणातला आणि बाळंतपणानंतरचा मानसिक आधार)

गरोदर बाईचं आणि बाळ झाल्यावर साधारण वर्षभर त्या आईचं मन सांभाळणं, तिची उदासी किंवा धास्ती वेळेत ओळखणं आणि गरज पडली तर उपचार मिळवून देणं, हे सगळं या विषयात येतं. डॉक्टर लोक याला पेरिनेटल मेंटल हेल्थ म्हणतात. मराठी पेपरात प्रसूतीपश्चात नैराश्य हा शब्द दिसतो, पण तो एकाच आजाराचा आणि तोही बाळ झाल्यानंतरचा, आणि खरा त्रास बऱ्याच जणींना पोटुशी असतानाच सुरू झालेला असतो. गोव्यातल्या एका जिल्हा हॉस्पिटलमध्ये २७० आयांचा अभ्यास झाला, तो २००२ मध्ये छापून आला, त्यात बाळ ६ ते ८ आठवड्यांचं असताना २३ टक्के आयांना डिप्रेशन होतं आणि त्या आजारी आयांपैकी ७८ टक्के जणींना गरोदरपणीच मानसिक त्रास होता. म्हणजे सोनोग्राफीच्या रांगेत बसलेल्या असतानाच कुणी विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. २०१७ मध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तेव्हाही आकडा २२ टक्के आला, म्हणजे साधारण दर पाच बाळंतिणींत एक.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणं, क्षणात हसणं क्षणात चिडणं, हे मात्र निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातं, याला बेबी ब्लूज म्हणतात आणि त्याला औषध लागत नाही, झोप आणि जवळचं माणूस लागतं. दोन आठवडे उलटूनही मन वर येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, मी वाईट आई आहे असं सारखं येत असेल तर ते डिप्रेशन असू शकतं. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाळ झोपलंय, घर शांत आहे, जीव दमलाय आणि तरी हिला झोप लागत नाही, डोळे छताला लागलेले. बाळ उठवतं म्हणून झोप होत नाही ती गोष्ट वेगळी, ही वेगळी. कधी कधी थायरॉइड किंवा कमी हिमोग्लोबिनमुळेही असंच गळून गेल्यासारखं होतं, त्यामुळे रक्त तपासून घेतलेलं बरं.

काही जणींच्या डोक्यात नको ते विचार घुसतात, बाळ गॅलरीतून पडेल, माझ्याच हातून काही होईल, आणि त्या एवढ्या घाबरतात की सुरीसुद्धा लपवून ठेवतात आणि कुणालाही सांगत नाहीत. हा चिंतेचा आजार आहे, अशा आईला ते विचार स्वतःलाच भयंकर वाटतात आणि उपचारांनी ते कमी होतात. याहून एकदम वेगळा आणि तातडीचा प्रकार म्हणजे सायकोसिस, यात खऱ्या-खोट्याचं भानच सुटतं. हजार बाळंतपणांत एक-दोघींना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच, रात्र रात्र जागणं, भलतंसलतं बोलणं, आवाज ऐकू येणं, बाळ बदललंय असं वाटणं. घरचे म्हणतात वात झाला, बाहेरचं लागलं, आणि अंगारे-धुपाऱ्यात चार दिवस जातात. ते चार दिवस जाऊ देऊ नयेत, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं आणि तोवर आईला आणि बाळाला एकटं ठेवू नये. आधी बायपोलर आजार (मन कधी फार चढतं, कधी फार पडतं तो) असलेल्या बाईला हा धोका जास्त, म्हणून ते गरोदरपणीच डॉक्टरांना सांगून ठेवावं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना खोली, शेगडीचा शेक, ओवा-बाळंतशेपांची धुरी, अंगाला तेल लावणाऱ्या मावशी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. ही व्यवस्था खरं तर फार चांगली आहे, दमलेल्या बाईला कुणीतरी आयतं गरम ताट देतं आणि बाळ न्हाऊ घालतं, परदेशात राहणाऱ्या मराठी मुली यासाठीच आईला बोलावून घेतात आणि व्हिसा संपून आई विमानात बसली की खऱ्या अर्थाने एकट्या पडतात. पण या सव्वा महिन्यात सगळे एकच प्रश्न विचारतात, दूध येतंय ना? तुला कसं वाटतंय हे कुणी विचारत नाही. आणि मुलगी झाली तर पेढ्यांऐवजी बर्फी, त्याबरोबर सासरकडून एक थंड फोन, हे तिच्या कानावर खोलीतही जातंच. गोव्याच्या त्याच अभ्यासात गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं नातं, मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा आईच्या आजाराशी संबंध दिसला होता, त्यामुळे हे फक्त हार्मोन्सचं आहे असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

ओळखायला एक साधी प्रश्नावली आहे, एडिंबरा स्केल, १९८७ मध्ये तयार झाली, दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, जास्तीत जास्त ३० गुण, आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. त्याचं उत्तर हो आलं तर बाकीची बेरीज बघत बसायचं नाही. गावात आणि वस्तीत हे काम करायला सगळ्यात जवळची व्यक्ती म्हणजे आशाताई. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, हात धुते, काट्याला झोळी लावून बाळाचं वजन करते, काखेत थर्मामीटर ठेवते. सासू बाजूला उभी असते. कसं आहे ताई? बरं आहे. संपलं. तिच्या फॉर्मात आई विचित्र बोलते का, झटके येतात का हे विचारलेलं आहे, पण गप्प बसलेली बाई त्यात कशी सापडणार, म्हणून सासूबाईंना चहा टाकायला सांगून पाच मिनिटं एकटीशी बोलायला हवं, गेल्या महिन्यात सारखं उदास वाटलं का, कशात मन लागतं का, एवढं दोनच विचारलं तरी बाई बोलायला लागते.

उपचार म्हणजे लगेच गोळ्या असं नाही. गोव्यातल्या संगाथ संस्थेने असा प्रयोग केला की त्याच वस्तीतल्या, स्वतः आया असलेल्या साध्या बायकांना शिकवून तयार केलं आणि त्या उदास गरोदर बायकांच्या घरी जाऊन बोलायच्या, छोटी छोटी कामं ठरवायच्या, घरच्यांना सामील करून घ्यायच्या. त्यामागची मूळ पद्धत पाकिस्तानात लेडी हेल्थ वर्कर्सनी (तिथल्या आशाताईच म्हणा) केलेली, २००८ मध्ये तिचे निकाल आले होते. त्रास जास्त असेल तर औषधं लागतात आणि स्तनपान चालू असतानाही घेता येतात, सर्ट्रालीन हे डिप्रेशनचं औषध दुधात फारच कमी उतरतं. उलट आधीपासून व्हॅल्प्रोएट (फिट्स आणि बायपोलरवरचं औषध) चालू असेल तर बाळाचा विचार करण्याआधीच डॉक्टरांना भेटावं, ते पोटातल्या बाळाला बाधतं. पण मनाने कुठलीच गोळी एकदम बंद करू नये.

आईला भरती करायची वेळ आली तर बाळाचं काय हा प्रश्न घरच्यांना पहिला पडतो. बंगळूरच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी संस्थेत, आई आणि बाळ दोघांनाही ठेवून घेणारा खास वॉर्ड आहे, आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की तीन वर्षांखालचं मूल भरती झालेल्या आईपासून एरवी वेगळं करायचं नाही, तिच्याकडून मुलाला धोका असेल किंवा मुलाच्या हितासाठी लागत असेल तरच, आणि तेही तात्पुरतं. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

ज्या आईचं बाळ गेलं तिचा विषय सगळ्यात कमी निघतो. दूध तिलाही येतं, तिसऱ्या दिवशी छाती भरून येते आणि पाळणा नाही. तिला ना शेक, ना लाडू, ना कुणी भेटायला येत, सगळे म्हणतात तरुण आहेस, होईल दुसरं. गर्भपात झाला तरी मातृत्व रजेच्या कायद्यात सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे, ती मागावी. आणि घरच्यांनी तिला सव्वा महिना तसंच जपावं, गरम खायला द्यावं, आणि बाळाचं नाव मनात ठरवलेलं असेल आणि ती बोलत असेल तर विषय न बदलता ऐकावं.