जगाच्या अस्तित्वावरचे धोके: नव्या अभ्यासकांसाठी लेखन फेलोशिपचा अर्ज कसा भरावा

अण्वस्त्रं, हवामान बदल, जैविक अस्त्रं, बेलगाम कृत्रिम बुद्धिमत्ता. या विषयांतल्या अभ्यासकाचे शोधनिबंध बहुतेक त्याच क्षेत्रातली माणसं वाचतात. निर्णयाचे परिणाम मात्र सगळ्यांना भोगावे लागतात. लेखन फेलोशिप असते ती यासाठी: ठरावीक महिने मानधन, एका संपादकाचं मार्गदर्शन आणि सर्वसामान्य वाचकासाठी ठरलेले काही लेख. संशोधन अनुदानाचा अर्ज भरावा तसा हा अर्ज भरला, तर तो पहिल्याच चाळणीत बाद होतो. इथे ज्ञान गृहीत धरतात आणि ते दुसऱ्याला समजावता येतं का, हे तपासतात.

पात्रतेत वयापेक्षा अनुभवाला महत्त्व असतं. पदव्युत्तर विद्यार्थी, पीएचडी करणारे, पोस्टडॉक (पीएचडीनंतर ठरावीक काळ संशोधन करणारे), तसंच धोरण संस्थेत किंवा पत्रकारितेत सुरुवातीची वर्षं काढणारे साधारणपणे बसतात. अनुभव शेवटच्या पदवीपासून मोजायचा की पहिल्या नोकरीपासून, हे जाहिरातीत स्पष्ट नसेल तर ईमेलने विचारावं आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं. सरकारी खात्यात किंवा संरक्षण प्रयोगशाळेत काम असेल, तर प्रकाशनाची पूर्वपरवानगी अर्जाआधीच मागावी. निवड झाल्यावर परवानगी अडली की जागा हातची जाते.

कागदपत्रं थोडीच लागतात: दोन पानांचा सीव्ही, हेतुपत्र, दोन-तीन लेखन नमुने, एक-दोन शिफारसपत्रं आणि लेखांचा प्रस्ताव. सगळ्यात जास्त चुका नमुन्यांत होतात. प्रबंधाचं प्रकरण नमुना म्हणून पाठवू नये; त्यातून वाचकाशी बोलता येतं की नाही, हे कळत नाही. छापून आलेलं काही नसेल तर 800 ते 1000 शब्दांचा नवा लेख लिहून ‘अप्रकाशित’ अशी नोंद करून जोडावा. सहलेखन असेल तर आपला भाग कोणता, ते एका ओळीत सांगावं. लेख सशुल्क संकेतस्थळावर असेल तर नुसता दुवा न देता पीडीएफ जोडावी. छापून येण्यासाठी ‘बुलेटिन ऑफ द अ‍ॅटॉमिक सायंटिस्ट्स’चं उदाहरण पाहण्यासारखं आहे. पहिला अणुबॉम्ब बनवणाऱ्या अमेरिकेच्या मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेल्या शास्त्रज्ञांनी 1945 मध्ये सुरू केलेलं हे नियतकालिक ‘व्हॉइसेस ऑफ टुमॉरो’ या सदरात नव्या अभ्यासकांचं लेखन छापत आलं आहे.

आता प्रस्ताव. निवड खरी इथेच ठरते, त्यामुळे अर्जाला दिलेल्या वेळातला निम्मा वेळ यावर घालवला तरी तो वाया जात नाही. ‘जैविक अस्त्रं हा मानवजातीपुढचा गंभीर धोका असून त्यावर जनजागृती व्हायला हवी’ हा विषय झाला, लेख नव्हे. त्याच विषयावर असं लिहिता येईल: ‘जैविक अस्त्रबंदी करार 1975 मध्ये लागू झाला, पण पालन होतंय का हे तपासणारी यंत्रणा त्यात नाही. ती उभारण्याच्या वाटाघाटी 2001 मध्ये फिसकटल्या. आज तपासणी पुन्हा आणायची तर प्रयोगशाळांमध्ये नेमकं काय पाहावं लागेल, हे मी अमुक प्रकारच्या तज्ज्ञांशी बोलून मांडेन.’ यात तारीख आहे, अडलेली जागा आहे, प्रश्न आहे आणि उत्तर शोधायची वाटही आहे. आणखी दोन वाक्यं घालावीत: हा लेख आत्ताच का आणि तो मीच का लिहावा. ‘आत्ता’साठी एखादी आढावा परिषद, कराराची संपणारी मुदत किंवा येऊ घातलेला कायदा शोधावा. ‘डूम्सडे क्लॉक’चे, म्हणजे जग विनाशाच्या किती जवळ आहे हे दाखवणाऱ्या ‘बुलेटिन’च्या प्रतीकात्मक घड्याळाचे काटे मध्यरात्रीजवळ आल्याचं वाक्य टाळावं. ते असंख्य अर्जांत असतं.

जैविक विषयांवर लिहिताना रोगजंतू अधिक घातक करण्याची पद्धत प्रस्तावातही तपशिलाने देऊ नये. संपादकांना हे भान अर्जातच दिसायला हवं. कंपनी किंवा संस्थेकडून पैसे मिळत असतील तर हितसंबंध आपणहून जाहीर करावेत, विशेषतः कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात. अर्ज लिहिताना एआयची मदत घेण्याबद्दलचा नियमही वाचून घ्यावा.

शिफारसपत्रं वेळेत न आल्याने चांगले अर्ज अपूर्ण राहतात. अनेक पोर्टलांवर आपण शिफारसकर्त्याचा ईमेल भरल्यावरच त्याला दुवा जातो आणि तो बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतो. म्हणून अर्जाचा तेवढा भाग तीन आठवडे आधी भरावा आणि प्रस्तावाचा मसुदा त्यांना पाठवावा. पत्र मग नेमकं उतरतं. मोठ्या नावाच्या प्राध्यापकाच्या कोरड्या चार ओळींपेक्षा आपलं लेखन तपासलेल्या माणसाचं पत्र जास्त उपयोगी पडतं.

मुदतीची वेळ कोणत्या प्रमाणवेळेत आहे ते पाहावं. ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ लिहिलं असेल तर ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या 12 तास मागे असते. तरीही आदल्या दिवशीच अर्ज पाठवावा आणि पोचपावती जपून ठेवावी.

पुढच्या फेरीत मुलाखतीबरोबर संपादन चाचणीही असू शकते. आपलाच परिच्छेद निम्म्या शब्दांत लिहायला सांगतात, त्याची तयारी ठेवावी. निवड झाल्यावर करारात चार गोष्टी तपासाव्यात: मानधन हप्त्यांनी मिळतं की लेख छापल्यावर, लेख नाकारला तर काय, स्वामित्वहक्क कोणाकडे आणि दुसऱ्या भाषेत तो लेख छापायची मुभा आहे का. शेवटचा मुद्दा सही करण्याआधी लेखी मागून घ्यावा.