ख्रिस्ती आशा

ख्रिस्ती धर्मविचारातील एक मध्यवर्ती संकल्पना. येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानामुळे दुःख व मृत्यू यांची सत्ता कायमची नाही, या खात्रीने क्लेशांतही धीर धरणे व आनंद करणे, असा तिचा आशय आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘एल्पिस’. अभिजात ग्रीकमध्ये तो बऱ्यावाईट अशा कोणत्याही अपेक्षेसाठी येई. बायबलच्या जुन्या कराराच्या (मूळ हिब्रू भागाच्या) ग्रीक भाषांतरात मात्र ‘भरवसा ठेवणे’ या अर्थाच्या हिब्रू क्रियापदांसाठीही त्याच कुळातील शब्द योजले गेले आणि नव्या करारात ‘खात्रीची प्रतीक्षा’ हा अर्थ स्थिरावला. मराठीत ‘आशा’ हा प्रतिशब्द रूढ झाला. पण तो निर्धोक नव्हता. आशेला साखळी म्हणणारे संस्कृत सुभाषित प्रसिद्ध आहे, आणि तुकारामांनी तर आशा समूळ खणून काढायला सांगितली आहे. तेथे आशा म्हणजे हाव. नव्या करारातील अनेक पत्रे लिहिणारा आद्य धर्मप्रसारक पौल याची आशा धीरातून, कसाला लागलेल्या शीलातून येते (रोमकरांस ५ : ३–५), म्हणून ‘भरवसा’ हा शब्द तिला अधिक जवळचा वाटतो.

इब्री लोकांस पत्रात (६ : १९) आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. हा नांगर गलबताचा. परंतु कोल्हापूरसारख्या उसाच्या मुलखात ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेतातला नांगर उभा राहणे स्वाभाविक आहे. तो अर्थही परका नाही : नांगरणाऱ्याने आशेने नांगरावे, असे पौल लिहितो (१ करिंथकरांस ९ : १०).

क्लेशांतील आनंदाचा प्रमुख आधार म्हणजे पौलाने बंदिवासातून लिहिलेले फिलिप्पैकरांस पत्र. अवघ्या १०४ वचनांत आनंदवाचक शब्द सुमारे १६ वेळा येतात. हा बंदिवास कोठला, याविषयी मतभेद आहेत. कैसराच्या (रोमन सम्राटाच्या) घरच्यांचा उल्लेख (४ : २२) रोमला, म्हणजे इ. स. ६०–६२ च्या सुमारास, अनुकूल आहे. पत्रात सूचित झालेल्या, बंदिवासाचे ठिकाण व फिलिप्पै यांमधील निरोप्यांच्या अनेक फेऱ्या व रोम–फिलिप्पै हे लांबचे अंतर पाहता काही अभ्यासक इफिस (सु. ५४–५५) सुचवतात, कैसरियाचाही पक्ष आहे. परंपरेने मानलेले रोम सोडण्याइतका पुरावा दिसत नाही. स्थळ कोणतेही असो, मृत्युदंडाची शक्यता समोर असताना ‘आनंद करा’ हे शब्द लिहिले गेले, हे महत्त्वाचे.

कोल्हापुरात प्रॉटेस्टंट मिशनकार्य अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केले. प्रेस्बिटेरियन मंडळाने ते १८७० मध्ये स्वीकारले, त्यामुळे आरंभाचे वर्ष दोन प्रकारे दिले जाते. वायल्डर यांचे नाव शहरातील वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये टिकून आहे. मराठी उपासनेत अभंग व ओवी रुजवण्याचे मोठे श्रेय ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांना जाते. त्यामुळे शोक आणि हर्ष दोन्ही वारकऱ्यांच्याच छंदात गाता आले.

ख्रिस्ती मंडळीत (स्थानिक उपासक समुदायात) आजारी माणसाच्या घरी जाऊन प्रार्थना करणे, संकटातून निभावलेल्याने उपासनेत साक्ष देणे, हे या आशेचे नित्याचे आविष्कार. मृतांविषयी ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ असे म्हणतात. हा शब्दप्रयोग पौलाचाच (१ थेस्सलनीकाकरांस ४ : १३–१४). तेथे तो शोकाला मनाई करीत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच सांगतो.